पडद्याआडून शिकलेलं इंग्रजी

“द बॉय हॅड गॉन…” काकू म्हणाल्या आणि सुपाचा चमचा हवेतच धरून थांबल्या.

सरांनी एका बाजूला ओढलं गेलेलं तोंड कसंबसं सावरलं. जीभ जागेवर आणायला त्यांना वेळ लागला. मग म्हणाले, “टू द मार्केट.”

“शाब्बास! आता आ करा.”

तो मुलगा बाजारात कशाला गेला होता आणि गेला तो परत आला की नाही, हे काकूंना ठाऊक नव्हतं. इंग्रजीशी त्यांची ओळख पडद्याआडून झालेली. सर पस्तीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत शिकवणी घेत. सहा बाकं, एक फळा, मग पडदा आणि पडद्यापलीकडे काकूंचं स्वयंपाकघर. बाकीचं व्याकरण सर चारचौघा मास्तरांसारखंच शिकवत, पण पास्ट परफेक्ट आला की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. “एक गोष्ट घडली, तिच्याही आधी जी घडून गेली होती, तिच्यासाठी हे ‘हॅड’,” असं बजावून ते अर्धं वाक्य म्हणत आणि क्रियापदापाशी थांबत. उरलेलं अर्धं वर्गाने एका सुरात पुरं करायचं. कुठे, कशावर, कशाने. वर्ग गप्प बसला की ओरडत, “अरे, क्रियापदाला भर रस्त्यात सोडून देऊ नका! नेऊन पोचवा त्याला कुठेतरी!” पलीकडे काकू भाजी चिरत असत. इतकी वर्षं रोज कानावर पडल्यावर भिंतीलाही पाठ झालं असतं, काकूंचे कान तर चांगले तिखट होते.

पाच महिन्यांपूर्वी सर फळ्यासमोरच खाली बसले ते आपल्या पायांनी उठले नाहीत. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. पाणी हवं असलं तरी “ते… ते…” एवढंच, आणि मग डोळे भरून यायचे. ज्या माणसाच्या तोंडाचा पट्टा कधी थांबला नाही त्याच्यावर ही वेळ यावी, याचा काकूंना इतका राग येई की त्या भांडी आपटत. तीन आठवड्यांपूर्वी चादर बदलताना घरातली शांतता अगदी खायला उठली, म्हणून त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं, “द कॅट हॅड स्लेप्ट…” आणि पलंगावरून उत्तर आलं, “ऑन द चेअर.” काकू चादरीसकट मटकन खाली बसल्या आणि पोटभर रडल्या.

त्या दिवसापासून घरात दिवसातून तीन वेळा वर्ग भरू लागला. लेकाला त्यांनी फोनवर काही सांगितलं नव्हतं. त्याने येऊन आपल्या कानांनी ऐकावं, असं त्यांच्या मनात होतं. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होता आणि आज अकराच्या गाडीने येणार होता, तो मुळी एका फॉर्मवर काकूंची सही घ्यायला. अशा रुग्णांना सांभाळणारं एक केंद्र त्याने पाहून ठेवलं होतं. तिथे एक खाट रिकामी झाली होती आणि उद्यापर्यंत कळवायचं होतं. सरांना घरी ठेवायचं की पाठवायचं, एवढाच प्रश्न होता, आणि काकूंचा जीव त्यात टांगणीला लागला होता.

त्यांनी सरांची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, खुर्चीत नीट बसवलं आणि बजावलं, “अहो, आज इन्स्पेक्टर यायचाय वर्गावर. माझी लाज राखा.”

लेक आला. वडिलांच्या गुडघ्याला हात लावून “बाबा, मी आलोय” म्हणाला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. लेकाने मान खाली घातली.

“थांब,” काकू म्हणाल्या. “ऐक तर खरं.” त्या सरांसमोर ताठ उभ्या राहिल्या. “माय अंकल हॅड अराइव्ड…”

“बाय द मॉर्निंग ट्रेन.”

“द बर्ड हॅड फ्लोन…”

“ओव्हर द रिव्हर.”

“द बॉय हॅड गॉन…”

“टू द मार्केट.”

काकूंनी विजयी चेहऱ्याने लेकाकडे पाहिलं. आजारी पडल्यापासून इतकं न अडखळता सर कधीच बोलले नव्हते. लेकाचे डोळे विस्फारले होते, पण मग हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

“आई, तुला याचा अर्थ माहितेय?”

“मला कशाला हवा? त्यांना माहितेय ना!”

“त्यांनाही नाही गं आता.” तो जवळ येऊन हळू बोलत होता, जणू पलीकडच्या खोलीत कोणी झोपलं असावं. “डॉक्टर मला म्हणाले होते, कधीकधी पाठांतर तेवढं शिल्लक राहतं. पाढे, गाणी, असलं काहीतरी. तू कळ दाबतेस आणि ते वाजतं. हे बोलणं नाही, आई. मी इथे आलोय हे तरी कळतंय का त्यांना?”

“कळत असेल.”

“असेल ना? तुझी कंबर गेलीय. परवा त्यांना उचलताना तू पडलीस, ते शेजारच्या मावशींनी सांगितलं मला. तू नाही सांगितलंस. उद्या तुला काही झालं तर दोघांना कोण बघणार? मी तिकडे असताना माझा अर्धा जीव इकडे असतो गं.”

काकूंना भांडायचं होतं. चांगले चार शब्द सुनवायचेही होते. पण लेक खोटं बोलत नव्हता, तिथेच त्यांचे हात बांधले गेले. सर हल्ली काकूंकडेही कधीकधी अनोळखी बाई घरात आल्यासारखे पाहत, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या, डोळ्यांना पाणी लावून आल्या.

“दे तो कागद,” त्या म्हणाल्या.

फॉर्म चार पानांचा होता. काकू चष्मा लावून टेबलाशी बसल्या. लेकाने उरलेलं सूप उचललं आणि वडिलांपुढे स्टूल ओढून घेतलं. दोन चमचे गेले. तिसऱ्याला सरांनी तोंड मिटून घेतलं. लेकाला काय करावं सुचेना. आई म्हणते तसं म्हणून पाहावं, एवढ्याचसाठी तो म्हणाला, “द बॉय हॅड गॉन…”

उत्तर आलं नाही. काकूंचं पेन थांबलं.

सर लेकाच्या तोंडाकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांच्या तोंडाचा चांगला कोपरा जरासा हलला.

“अंडर द टेबल,” सर म्हणाले.

काकू खुर्चीतून अर्धवट उठल्या. तीन आठवड्यांत हे वाक्य एकदाही चुकलं नव्हतं. देवाने एवढंसं शिल्लक ठेवलं होतं, तेही चाललं की काय! “अहो, मार्केट,” त्या कळवळून म्हणाल्या. “टू द मार्केट! असं काय करता?” त्यांनी लेकाकडे पाहिलं तर त्याने सुपाचा वाडगा जमिनीवर ठेवला होता आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. तो हसत होता की रडत होता, ते कळायला मार्ग नव्हता.

“काय झालं रे?”

“आई, ते माझं उत्तर आहे.”

“कसलं तुझं?”

“सातवीत बाबांनी मला वर्गात बसवलं होतं ना, शेवटच्या बाकावर. मला त्या वाक्यांचा वीट यायचा. सगळा वर्ग ‘टू द मार्केट’ ओरडायचा, तेव्हा मी तोंडातल्या तोंडात ‘अंडर द टेबल’ म्हणायचो. मांजर, काका, पक्षी, सगळे टेबलाखाली! अख्खं वर्ष केलं मी हे. शेजारच्या पोरालाही कधी ऐकू गेलं नाही.” तो वडिलांकडे वळला. “मला वाटायचं, बाबांनाही ऐकू जात नाही.”

काकूंनी सरांकडे पाहिलं. एका चुकीच्या शब्दापायी अख्खा वर्ग उभा करणारा हा माणूस. वर्षभर ऐकत राहिला आणि पोराला एका शब्दानेही बोलला नाही. बायकोलाही त्याने कधी सांगितलं नव्हतं.

लेकाने वडिलांचा धड हात आपल्या हातात घेतला. तो पुन्हा म्हणाला, “द कॅट हॅड स्लेप्ट…”

“अंडर द टेबल,” सर म्हणाले, आणि या वेळी हसले. अर्ध्याच तोंडाने, पण मास्तर एखाद्या पोराची चोरी पकडल्यावर हसतो तसे.

काकूंनी पेनाला टोपण लावलं. “जेवायला थांबशील ना?” त्यांनी विचारलं.

“चार दिवस आहे मी,” लेक म्हणाला. “मदतीला कोणी मिळतं का इथेच, ते बघू.”

लेकाचं नाव काही सरांच्या तोंडून आलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पुढे पुढे त्यांना इतर वाक्यंही धड आठवेनाशी झाली. लेक मात्र कामावरून सुटला की रोज संध्याकाळी फोन करी. काकू फोन सरांच्या कानाला लावून धरत. तो तिकडून एवढंच म्हणे, “द बॉय हॅड गॉन…” आणि थांबे. कधी उत्तर लगेच येई, कधी दोन-दोन मिनिटं नुसता श्वास ऐकू येई. उत्तर आल्याशिवाय तो फोन ठेवत नसे.