रांजणापुढची तालीम

दोन दिवस झाले तरी निकोलासाचा रांजण मुकाच होता. कान लावला तर आत ना बुडबुडा, ना फसफस.

संत पेद्रोचा सण चार दिवसांवर आलेला. यंदाचा मान बासिलियामावशीच्या घराकडे, म्हणजे मिरवणुकीतल्या सगळ्यांना चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, त्यांनीच पाजायची. मावशीचा हात मोडलेला, म्हणून मोड आलेला मका दळण्यापासून रस शिजवण्यापर्यंत सगळं निकोलासानं, तिच्या नव्या सुनेनं, केलं होतं. संध्याकाळपर्यंत रांजण जागा झाला नाही तर रस डुकरांपुढे ओतायचा आणि खालच्या गावातून विकतची चिचा आणायची. त्या घरात विकतची चिचा कधी आली नव्हती.

आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा, त्याचा कडाका तो. घाबरून निकोलासानं रांजणाच्या एका अंगाला चुलीतली गरम राख रचली. मावशीनं धड हाताचा तळवा रांजणावर फिरवला आणि ओरडली, "अगं बये, एका गालाला ताप नि एका गालाला हिव! आंबट ढाण करतेस की काय? काढ ती राख."

"मग घोंगड्या आणखी घालू, आई?"

"घोंगडी ऊब धरून ठेवते, पोरी. मुळात ऊब आणणार कुठून?"

कोठीत जाळ करावा तर चिचेला धुराचा वास लागतो.

आम्ही तेव्हा देवळात सणाच्या कीर्तनाची तालीम करत होतो. कासियानोकाका संताची कथा गाऊन सांगतात, आम्ही बावीस जणं मागे धरतो. गाताना तोंडातून वाफा निघत होत्या. आज गायला जमणार नाही, हे सांगायला निकोलासा आमच्या घोळक्यात शिरली आणि थबकली.

"काका, इथं तुमच्यात किती ऊब आहे!"

"देवाच्या नावाची आहे ती."

"मग ती आमच्या कोठीत आणाल?"

काका तिच्याकडे बघतच राहिले. "चाळीस वर्षं माणसांपुढे गातोय. आता रांजणापुढे?"

"माणसांसारखा मध्येच डुलक्या तरी नाही घेणार तो," मी म्हटलं.

त्या एवढ्याशा कोठीत आम्ही रांजणाला गोल वेढून बसलो, दार लावलं आणि कथा सुरू झाली. पेद्रो लाटांवर चालताना भितो, बुडू लागतो, प्रभू हात देतात. तिथं आले की काका दरवेळी रडतात, त्या दिवशी तर घामानंही भिजले. भिंतींना ओल सुटली. निकोलासा घटकेघटकेला रांजणाच्या चारी अंगांना तळवा लावून बघत होती. तान्ह्याच्या आंघोळीच्या पाण्याइतकं कोमट झाल्यावर जास्त तापू नये म्हणून तिनं दार बोटभर उघडलं, मग पुन्हा लावलं.

ऊन कलताना काकांनी श्वास घ्यायला ओळ सोडली, आणि त्या गप्पपणात आतून आवाज आला. बुडुक. मग बुडुक बुडुक.

"थांबू नका, गा!" मावशी ओरडली. असं गायलो आम्ही, की गल्लीतली माणसं दाराशी जमली.

सणाच्या सकाळी फेस काठापर्यंत आला होता. काकांनी वाटी पुढे केली. मावशीनं ती बाजूला सारली, पहिला तुंबा भरून सुनेच्या हातात दिला.

"धरणीला आधी तू पाज," ती म्हणाली. "रांजण तुझा आहे."

निकोलासानं रीतीप्रमाणे उंबऱ्याबाहेर मातीवर धार सोडली. घाईत तुंबा इतका कलला की निम्मी काकांच्या चपलांवर गेली.

"चला," काका म्हणाले, "माझ्या पायांना तरी मिळाली."