हाक्याचा आवाज

"एकट्या त्या आवाजासाठी दहापैकी दहा," असं गेमच्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं. त्याच्या खाली दुसऱ्यानं लिहिलं होतं, "हाक्यानं हाक मारली आणि माझा कंट्रोलर हातातून पडला." तिसऱ्याला गेम आवडला नव्हता. चिखलात पळताना माणूस मधेच अडकतो, सेव्ह करायच्या जागा लांब लांब आहेत, म्हणून त्यानं अंगठा खाली केला होता. पण शेवटच्या ओळीत तोही म्हणत होता, "ज्यानं आवाज दिलाय त्याला मात्र सलाम."

धनश्रीनं हे सगळं माजलगावच्या कॉलेजात बाकावर बसून मोबाइलवर वाचलं आणि तिची कानशिलं तापली. ज्यानं आवाज दिला होता तो त्या वेळी तेलगावच्या शिवारात मेंढरं चारत असणार होता. सटवा, तिचा बाप. आपला आवाज कशात घातलाय हे त्याला माहीतसुद्धा नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी 'गाळपेर' नावाच्या सिनेमाची माणसं धरणावर आली होती. उन्हाळ्यात माजलगाव धरणाचं पाणी मागं हटतं आणि खालची गाळाची जमीन उघडी पडते. त्या गाळात एक मुलगी हरवते आणि पाण्याखाली गेलेल्या गावातली भुतं तिला आत ओढतात, अशी सिनेमाची गोष्ट होती. सटवा तेव्हा तिथंच मेंढरं घेऊन होता. एक कोकरू मागं राहिलं म्हणून त्यानं हाक मारली. छातीतून निघून लांबवर जाणारी, शेवटाकडं वर चढणारी हाक. सिनेमाचा साउंडवाला कानावरचा हेडफोन काढून पळत आला. "मामा, पुन्हा एकदा." असं पुन्हा एकदा करत करत सगळी दुपार गेली. मग चहा पाजून, एका कागदावर अंगठा घेऊन ती माणसं निघून गेली.

सिनेमात शेवटी ती मुलगी गुडघाभर गाळात रुतलेली असते, चहूकडून आवाज येत असतात आणि त्या गलक्यात म्हाताऱ्या मेंढपाळाची हाक ऐकू येते. त्या हाकेच्या दिशेनं चालत ती बाहेर पडते. ग्रामपंचायतीपुढं पडदा लावून हा सिनेमा दाखवला तेव्हा हाक ऐकून सगळं तेलगाव ओरडलं होतं. धनश्रीची आई साखराबाई पदर तोंडाला लावून रडली होती.

यंदा त्याच सिनेमावरून गेम निघाला. कंप्युटरचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या धनश्रीनं तो हौसेनं घेतला आणि ती मतं वाचायच्या आधीच्या रविवारी सकाळी खोलीवर लॅपटॉप उघडून बसली. पहिल्या अर्ध्या तासातच तिला कळलं की सिनेमातला म्हातारा इथं भूत झाला आहे. अंगावर घोंगडी, हातात काठी, मान हातभर लांब, डोळ्यांच्या जागी खळगे. त्याचं नाव हाक्या. हाक आली की बसायचं, श्वास धरायचा, चाहूल लागू द्यायची नाही. त्याला तुम्ही दिसलात की तो काठीनं मान अडकवून तुम्हाला गाळात दाबतो.

हाक तीच होती. थोडी लांबवलेली, खाली घोगरी केलेली, पण शेवटाला चढणारा सूर तोच. धनश्रीनं तो सूर पाळण्यात ऐकला होता. तिनं गेम बंद केला नाही. दात आवळून शेवटापर्यंत खेळली, बापाच्या आवाजापासून सतरा वेळा लपली, नऊ वेळा मेली. कॉलेजात बाकीच्यांची मतं वाचल्यावर तिनंही गेमच्या पानावर आपलं मत लिहिलं.

"हा आवाज माझ्या वडिलांचा आहे. ते मेंढपाळ आहेत आणि जिवंत आहेत. ही हाक मागं राहिलेल्या कोकराला बोलवायची आहे. सिनेमात तिनं मुलीला वाचवलं. गेम करणाऱ्यांनी त्यांना न विचारता तिचं भूत केलं. हे चुकीचं आहे आणि मला याचा भयंकर राग आलेला आहे."

संध्याकाळपर्यंत खाली उत्तरांची रांग लागली. सिनेमा आवडलेल्या काही जणांनी तिची बाजू घेतली. "म्हाताऱ्याला भूत करणं म्हणजे सिनेमा समजलाच नाही," असं एकानं लिहिलं. बाकीच्यांना गंमत वाटली. पुरावा दे. गेम आहे, रडतेस कशाला. एकानं विचारलं होतं, "घरी जेवायला बोलवतात तेव्हा पण तू पलंगाखाली लपतेस का?" त्याला चारशे लोकांनी हसून दाद दिली होती.

धनश्रीनं घरी काही सांगितलं नाही. पण सांगायची गरज राहिली नाही. माजलगावात युवराज नावाचा एक तरुण गेम खेळतानाचे व्हिडिओ टाकायचा, मराठीत, अस्सल आपल्या बोलीत. त्याचा 'हाक्या आला, पळा बे' हा व्हिडिओ आठवड्यात तेलगावच्या प्रत्येक मोबाइलवर पोचला. आवाज कुणाचा हे गावाला वेगळं सांगावं लागलं नाही. शाळेतली पोरं सटवाला बघून "हाक्याऽऽ" म्हणून ओरडायची आणि पळायची. सटवाला वाटलं, सिनेमाचं काहीतरी असेल. तो हसायचा.

एके दिवशी शाळा सुटायच्या वेळी तो मेंढरं रस्त्यापलीकडं नेत होता. उसाच्या ट्रॉल्या येत होत्या, म्हणून त्यानं मागच्या मेंढरांना जोरात हाक घातली. रस्त्याच्या कडेच्या मुली किंचाळत पळाल्या. त्यातली संस्कृती नावाची आठ वर्षांची मुलगी नालीत पडली, तिच्या कपाळाला खोक पडली. तिचा बाप उत्तरेश्वर, गावातला पुढारी माणूस, मोटरसायकलवरून आला आणि भर रस्त्यात सटवाला बोलला.

"लेकराला भ्या वाटतंय तर कावून वराडतो बे तू? गप मेंढरं वळता येत न्हाईत का?"

सटवानं त्या दिवसापासून हाक मारणं बंद केलं.

हे धनश्रीला आईकडून फोनवर कळलं, तेही दहा दिवसांनी. साखराबाई सांगत होती, "तुझ्या आबानं तोंडच मिटलंय बघ. काठीनं ठकठक करत्यात नुसतं. काल दोन कोकरं मागं ऱ्हायली, ह्यांनी हाकच मारली न्हाई. ट्रॉलीखाली गेली दोन्ही." मग ती म्हणाली, "धने, ते हाक्या म्हंजी काय हाय गं?"

धनश्री दुपारच्या बसनं तेलगावला गेली. सटवा लिंबाखाली बसून रात्री मेंढरं कोंडायच्या वाघराची जाळी सांधत होता. तिनं त्याच्यापुढं बसून सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यानं जाळीतून हात काढले नाहीत.

"म्या भूत हाय त्याच्यात?"

"हो, आबा."

"आन् माझी हाक ऐकून लोकं पळायलेत?"

"हो."

"मला दाव."

"लॅपटॉप खोलीवर आहे. पण आबा, कशाला..."

"त्या पोराकडं चल," सटवा म्हणाला. "ज्यानं गावभर केलंय त्याच्याकडं. त्याच्यासमोरच बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक माजलगावला गेले. युवराजची खोली बी-बियाणांच्या दुकानावर होती. आत निळे दिवे, मोठी खुर्ची, दोन पडदे. दार उघडल्यावर डोक्याला पटका आणि हातात काठी असलेला माणूस बघून तो आधी हसला, मग धनश्रीचं तोंड बघून त्याचं हसू मावळलं.

"हे माझे वडील," ती म्हणाली. "तू ज्यांना बघून पळायला सांगतोस ते."

"अरे बाप रे! खरंच? मामा, या, या. बसा. पाणी आणू का?"

"पाणी नगं," सटवा म्हणाला. "लाव तुझं ते."

युवराजनं गेम लावला. सटवा मोठ्या खुर्चीत बसला नाही, खाली फरशीवर बसून त्यानं काठी मांडीवर आडवी घेतली. पडद्यावर गाळ दिसला, धुकं दिसलं. हाक आली. युवराजनं सवयीनं मुलीला झुडपाआड बसवलं. लांब मानेचा, घोंगडी पांघरलेला तो काठी टेकत समोरून गेला. सटवा बघत राहिला. मांडीवरची काठी त्यानं दोन्ही हातांनी आवळून धरली. धनश्रीनं बापाला असं कधी बघितलं नव्हतं, ती त्याच्या खांद्याला हात लावायला पुढं झाली, पण त्यानं तो झटकला.

"लपली कावून ती?"

"मामा, नाही लपलं तर मारतो ना तो."

"कोण मारतो? म्या?" सटवा काठीवर जोर देऊन उभा राहिला. "म्हाईत हाय का तुला ती हाक कशाची हाय? माझ्या बापानं शिकवलेली हाय. मागं ऱ्हायलेल्या जनावराला वाटतंय आता आपलं कोण न्हाई. तवा मारायची ती. म्या हाय, हिकडं ये, असं म्हनायचं असतंय तिच्यात. तिला ऐकून कोकरू पळत येतंय बे, पळून जात न्हाई!"

आणि त्यानं तिथंच हाक मारली. त्या लहानशा खोलीत ती मावली नाही. खिडकीची तावदानं थरारली, खाली दुकानातली माणसं रस्त्यावर येऊन वर बघायला लागली. गेमच्या हाकेत नसलेलं काहीतरी तिच्यात होतं, तो चढलेला सूर शेवटी हलकेच उतरला, जवळ आल्यासारखा. गेमवाल्यांनी नेमका तेवढा तुकडा कापून टाकला होता. धनश्रीला ते आत्ता कळलं.

 युवराजचा हात आपोआप टेबलावरच्या मोबाइलकडं गेला.

"मामा, पुन्हा एकदा माराल का? रेकॉर्ड करून..."

धनश्रीनं तो मोबाइल हिसकून खुर्चीवर आपटला. "पुन्हा एकदा? लाज वाटत नाही का तुला? एकदा दिली तिचं काय केलंत बघितलंस ना? घरची कोकरं मेली, गावात तोंड दाखवायची चोरी झाली, आणि तुला अजून एकदा पाहिजे?"

"मी कुठं बनवलाय गेम? मी नुसता खेळलो."

"पळा बे म्हणून कोण ओरडलं? तेलगावात तुझ्या तोंडून गेलंय ते, कंपनीच्या नाही."

युवराजनं गेम बंद केला. मग म्हणाला, "माझं चुकलं, मामा. मी व्हिडिओ काढून टाकतो. आणि ताई, तू सांग. आत्ता लाइव्ह लावतो, तू बोल. मी मधे पडणार नाही."

सटवा बाहेर जिन्यात जाऊन बसला. धनश्री बोलली. रडली नाही, तिला रडूच येत नव्हतं. कागदावरचा अंगठा, कापलेली हाक, ट्रॉलीखालची कोकरं, सगळं सांगितलं. हसून दाद देणाऱ्या चारशे जणांना तिनं उलट विचारलं, तुमच्या आईनं तुम्हाला मारलेली हाक कुणी अशी वापरली तर किती हसाल?

आठवडाभरात गेमच्या पानावर खाली केलेल्या अंगठ्यांचा ढीग लागला. कंपनीकडून एका बाईचा फोन आला, आवाज अगदी मऊ. सगळे हक्क सिनेमाच्या निर्मात्याकडून रीतसर घेतलेले आहेत, असं ती म्हणाली. "आणि खरं सांगू का, सरांचा आवाज लोकांना इतका आवडतोय. ही अभिमानाचीच गोष्ट नाही का?"

"तुमच्या वडिलांना भूत करू का आम्ही?" धनश्रीनं विचारलं. "अभिमान वाटेल ना?" पलीकडून फोन ठेवला गेला.

पंधरा दिवसांनी गेमचा नवा अपडेट आला. हाक्याचा आवाज बदलला होता, कुठल्यातरी यंत्राची घरघर लावली होती. माफी नव्हती, सटवाचं नाव नव्हतं, 'आवाजात किरकोळ सुधारणा' एवढीच नोंद. घोंगडी आणि काठी तशीच होती. मग दुसऱ्या बाजूचे लोक खवळले. भीतीच गेली, एका मुलीच्या रडण्यापायी गेम मातीत घातला, आवाज परत आणा. तीन दिवस धनश्रीनं एकेकाला उत्तर दिलं. चौथ्या दिवशी तिनं ते सोडलं आणि घरी गेली.

सटवा पुन्हा हाक मारायला लागला होता. उत्तरेश्वरानं युवराजच्या लाइव्हमधलं तिचं बोलणं ऐकलं होतं, पण तो माफी मागायला आला नाही. नुसता रस्त्यात मोटरसायकल हळू करून मेंढरांना वाट देऊ लागला. पोरं अजून ओरडायची, कमी झाली होती इतकंच.

धनश्री लॅपटॉप घेऊन लिंबाखाली बसली. "आबा, माझं लिहिलेलं मत बदलून नवं टाकते. आवाज काढला त्यांनी, तेवढं लिहावं लागेल."

"काय लिवलंय आधी, वाच."

तिनं वाचलं. सटवानं मान हलवली. "हे तुझं झालं. आता माझं लिव."

"सांगा."

"लिव, म्या सटवा, तेलगावचा. तुमचा खेळ बघितला. समदा खोटा हाय. गाळात मानूस तसा पळत न्हाई, पाय आधी आडवा टाकावा लागतो. घोंगडी उन्हाळ्यात कोन पांघरतंय? आन् काठी मारायला नसती." तो बोलत गेला, आवाज चढत गेला. साखराबाई चुलीपासून उठून दारात आली. "आन् हे लिव. मेंढपाळ दावलाय आन् मेंढरं कुठंयत? येवड्या मोठ्या खेळात एक मेंढरू न्हाई. मग ह्यो मानूस हाक मारतो कुनाला? येवडं बी डोस्क्यात आलं न्हाई व्हय रे तुमच्या?"

धनश्री शब्द न बदलता टाइप करत होती. तिनं शेवटी अंगठा खाली केला आणि ते पाठवून दिलं.