मयूरा, येऊ नकोस

"हस," उल्हास म्हणाला. "दात दिसू देत जरा."

वीणा हसली. लॅपटॉप त्याने असा ठेवला होता की तिचा डावा गाल पडद्याबाहेर राहावा. डाव्या गालावर शुक्रवारचा वळ होता. टेबलाखाली तिच्या उजव्या हाताची करंगळी त्याच्या मुठीत होती. बोलणं जरा भरकटलं की तो ती थोडी मागे वाकवायचा. पाहणाऱ्याला यातलं काय दिसणार? मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरातलं एक सुखी जोडपं रविवारी संध्याकाळी पाचला, स्वीडनमध्ये शिकणाऱ्या लेकीशी गप्पा मारतंय. बस्स.

लेक म्हणजे मयूरा. वीस वर्षांची. जानेवारीत ती एक्सचेंज स्टुडंट म्हणून काल्मारला गेली, सहा महिन्यांसाठी. समुद्राकाठचं लहानसं शहर, सायकलवर अर्ध्या तासात संपणारं. मार्चमध्ये सगळं जग बंद झालं, मेलबर्नच्या युनिने पोरांना परत बोलावलं, पण ही आली नाही. तिकडच्यांनी तिला आणखी एक सेमिस्टर ठेवून घेतलं. ओळखीपाळखीचे म्हणाले, पोरगी हट्टी आहे. हट्टी कसली डोंबलाची! बापाला न विचारता एक्सचेंजचा फॉर्म भरला म्हणून त्याने दाराच्या फटीत धरून तिचं मनगट मोडलं होतं. विमानात बसली तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता.

"गेस व्हॉट," मयूरा पडद्यावरून म्हणाली. "मी येतेय! शुक्रवारची फ्लाइट मिळाली. कोपनहेगन, दोहा, सिडनी. दोन आठवडे हॉटेलात क्वारंटाइन, मग घरी."

वीणाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. "अगं पण... सेमिस्टर?"

"ऑनलाइन करीन. आई, तूच मेसेज केलास ना, बाबा आता पूर्वीसारखे नाहीत. योगा करतात, तुला चहा करून देतात. मला वाटलं, ओके, माणसं बदलतात. आणि खरं सांगू? मला तुझी खूप आठवण येते."

"ये बेटा, ये," उल्हास म्हणाला. आवाजात काय साखर!

"पण इतकी घाई कशाला, मयू? तिकडे तू..."

करंगळी मागे गेली, आणि या वेळी थांबली नाही. कट् झालं.

"आई? काय झालं?"

"काही नाही गं. पायात गोळा आला."

फोन संपला तसा उल्हासने लॅपटॉप हळूच मिटला. वस्तूंना तो जपायचा. मग वीणाचे केस धरून तिचं कपाळ टेबलावर आपटलं, दोनदा. "मोडता घालतेस? माझी मुलगी घरी येतेय आणि तू मोडता घालतेस?" तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा तो हसत होता. "एकदा आत आली ना, की सरकारच कोणाला देशाबाहेर सोडत नाही हल्ली. परवानगी लागते. आणि पासपोर्ट मी दारातच काढून घेणार आहे. बघू मग कुठलं स्वीडन नि कुठलं काय."

आता ही योगाची भानगड सांगायला हवी. आपल्या लोकांची ही एक जुनी खोड आहे. माणूस परदेशात असलं की त्याला वाईट बातमी कळू द्यायची नाही. इतक्या लांबून ते काय करणार, उगाच जिवाला घोर! वीणाचे वडील सांगलीला वारले, तेव्हा भावाने तिला तेराव्यानंतर कळवलं. तोवर दर फोनला 'बाबा झोपलेत.' वर्षभर ती भावाशी बोलली नव्हती. आणि तीच वीणा लेकीच्या बाबतीत तेच करून बसली. झाकून भागेना म्हणून वर रंगसफेदीही केली. लॉकडाऊनमध्ये उल्हासचं ऑफिस घरात आलं, मार आठवड्यावरून रोजावर आला, आणि हिचे मेसेज काय, तर बाबा योगा करतात! मूर्खपणा, दुसरं काय. तिने स्वतःच लेकीला त्या घराचं आमंत्रण धाडलं होतं.

वीणा एज्ड केअरमध्ये नोकरीला होती. म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. त्या ऑगस्टमध्ये तिथे दिवसाआड एक खाट रिकामी होत होती. कामाचं परमिट होतं म्हणून तिला घराबाहेर तरी पडता येत होतं, आणि मास्क होता म्हणून चेहरा लपत होता. पण करंगळी मास्कखाली कशी लपवणार? सोमवारी सकाळी शेरिलने, तिथल्या मोठ्या नर्सने, ती शेजारच्या बोटाला पट्टीने बांधली.

"दार लागलं?" शेरिलने विचारलं.

"दार."

"तुझ्या घरची दारं फारच मारकुटी आहेत, मेट."

एरवी वीणा हे हसण्यावारी न्यायची. त्या दिवशी तिला रडूच फुटलं. रडून झाल्यावर तिने शेरिलचा फोन मागितला, कारण तिचा स्वतःचा फोन उल्हास रोज तपासायचा.

अडीच वाजता, म्हणजे काल्मारला सकाळी साडेसहाला, पार्किंगमध्ये उभं राहून तिने व्हिडिओ लावला. मयूराने झोपेतच उचलला.

वीणाने मास्क काढला. गाल, कपाळावरचं टेंगूळ, बांधलेलं बोट, सगळं एकेक करून दाखवलं. लाज वाटत होती, तरी दाखवलं.

"मी खोटं बोलले. तो योगाबिगा काही करत नाही. येऊ नकोस."

मयूरा खाडकन उठून बसली. "मग तर मी येणारच! आत्ताच्या आत्ता!"

"येऊन काय करशील? मागच्या वेळी मध्ये पडलीस, काय झालं? तो तुझा पासपोर्ट काढून घेणार आहे, मयू. दोघी कोंडून मरू तिथे."

"मग तू नीघ. तू घर सोडलंस तर मी तिकीट कॅन्सल करते. नाहीतर शुक्रवारी मी विमानात. बस, ठरलं."

"अगं, पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, परमिट..."

"आई! मार चुकवून पळायला परमिट लागत नाही. गव्हर्नमेंटच्या साइटवर लिहिलंय. लॉकडाऊन लागला त्या दिवशीच मी बघून ठेवलं होतं. मग तुझा योगाचा मेसेज आला." मयूराचा आवाज फुटला. "आय बिलीव्ह्ड यू, आई."

हे मात्र वीणाला करंगळीपेक्षा जास्त लागलं.

शेरिल म्हणाली, घरी एकटी जाऊ नकोस, पोलिसांना घेऊन जा. पण वीणाला पासपोर्ट आणि सिटिझनशिपचा कागद हवा होता, आणि चार वाजता उल्हासची मीटिंग असते हे तिला पाठ होतं. पाच मिनिटांचं तर काम. ती गेली. खोलीतून त्याचा आवाज येत होता, "येस, येस, नो वरीज, मेट." तिने कपाटातून फाइल काढली. दाराशी पोचली आणि तो आवाज थांबला.

हेडफोन गळ्यात, तसाच तो आला. फाइल पाहिली आणि पहिली लाथच बरगडीत घातली. ती भिंतीवर आदळली, पण फाइल सोडली नाही. त्याने थोबाडीत मारली, ओठ फुटला. ती सरपटत दाराबाहेर आली, तो मागून आला, आणि ड्राइव्हवेवर त्याने तिचे केस मुठीत धरले.

तिच्या कामावर म्हातारी माणसं बुद्धी फिरली की अशीच केसांना धरतात. काय करायचं ते शिकवलेलं असतं: ओढायचं नाही. त्याचाच हात आपल्या डोक्यावर घट्ट दाबायचा आणि आत वळायचं. शेकडो वेळा तिने हे केलं होतं, हळुवारपणे, "नो वरीज, डार्लिंग," म्हणत. एकवीस वर्षांत नवऱ्यावर करून पाहावं असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"उल्हास," ती म्हणाली. "हात सोड."

लग्नापासून तिने त्याला 'अहो' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. तो क्षणभर चमकला. तेवढ्यात ती वळली, सगळ्या अंगाचा भार घालून. त्याचं मनगट पिरगळलं, तो ओरडत गुडघ्यावर आला आणि तोंडाने गाडीच्या बंपरवर आपटला. दातातून रक्त आलं. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

तो उठला, कुंपणाशी टेकवलेलं फावडं घेतलं आणि तिच्या खांद्यावर घातलं. दुसऱ्यांदा उगारलं तेव्हा वीणा किंचाळली. शेजारी काय म्हणतील म्हणून एकवीस वर्षं दाबून ठेवलेला तो आवाज! "मारतोय मला! हा मला मारून टाकतोय!" चक्क मराठीत. त्या गल्लीत मराठी कोणालाच येत नव्हतं, पण सगळे घरीच कोंडलेले होते. दारं उघडली. समोरचा लेबनीज म्हातारा आणि शेजारचा ट्रकवाला, दोघे अंतरबिंतर विसरून धावत आले आणि तिच्या पुढे उभे राहिले. ट्रकवाल्याने फावडं हिसकून घेतलं. पोलीस येईपर्यंत उल्हास पायरीवर बसून सगळ्यांना सांगत होता, "फॅमिली मॅटर आहे हो, फॅमिली मॅटर."

साडेपाचला वीणा पोलीस स्टेशनच्या एका खोलीत होती. हात गळ्यात बांधलेला, मांडीवर फाइल. एक पोलीसबाई दारात थांबल्या होत्या. मोटेलमध्ये खोलीची सोय झाली होती.

"निघाले मी," तिने फोनवर सांगितलं.

मयूरा तिच्या स्वयंपाकघरात उभी होती. आईचा चेहरा पाहून तिने तोंडावर हात ठेवला. मग बोलल्याप्रमाणे दुसऱ्या स्क्रीनवर जाऊन तिकीट रद्द केलं आणि परत आली. त्या दिवसांत अख्खं मेलबर्न आपली पोरं घरी यावीत म्हणून देव पाण्यात घालून बसलं होतं, आणि इथे ही आई लेकीला येऊ नकोस म्हणत होती!

"मग आपण कधी भेटायचं?" मयूराने विचारलं.

"माहीत नाही गं."

"इयर? टू इयर्स?"

"माहीत नाही." वीणाने डोळे पुसले. "तू खाल्लंस का काही?"

"उठल्यापासून नाही. ब्रेड काढलाय."

"मग खा ना."

"आई, तुला जायचंय ना त्यांच्याबरोबर? मी ठेवते..."

"ठेवू नकोस," वीणा म्हणाली. पोलीसबाईंकडे पाहून तिने एक बोट वर केलं, एकच मिनिट. "तू खा. मी नुसती बघते."

मयूराने फोन किटलीला टेकवून उभा केला, ब्रेडवर चीज ठेवलं, आणि रडत रडत खायला लागली.