चौदा मुलं राहिली

मित्रांनो, मी एक सूक्ष्मदर्शक आहे. जुना आहे, आणि सध्या भयंकर रागावलेला आहे.

माझी भिंगं घासणाऱ्या कारागिराने मला डब्यात घालण्याआधी आपल्या नातीला माझ्यापुढे बसवलं होतं. "दिसतंय का गं?" असं विचारत, ती "हो" म्हणेपर्यंत तो माझा स्क्रू फिरवत राहिला. पुढे वीस वर्षं मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत राबलो. नवी यंत्रं आली, तशी माझी रवानगी फिरत्या विज्ञानगाडीत झाली. शाळेत शिरायचं, चाळीस मिनिटांत धडा उरकायचा, फोटो काढायचे आणि चालू पडायचं. कौतुक मात्र उदंड!

परवा एका प्राथमिक शाळेत गेलो. चौथीच्या बाईंनी आठवडाभर खपून मुलांकडून डबक्याचं पाणी गोळा करवलं होतं. गाडीबरोबर आलेल्या आमच्या सरांनी ती बाटली बाजूला सारली.

"आमच्याकडे तयार नमुने आहेत."

मग अर्धा तास त्यांचं भाषण. मुलांना ओ की ठो कळेना. रांग कशीबशी सुरू झाली आणि वेळ संपली. सर मला डब्यात घालू लागले, तोच बाईंनी झाकणावर हात ठेवला.

"चौदा मुलं राहिलीत."

"पुढची शाळा खोळंबलीय, बाई. तुम्ही अभिप्रायात 'उत्कृष्ट' लिहून सही करा."

"तुम्ही वर्षातून एकदा उगवता. उद्या प्रश्न मुलं मलाच विचारणार. येण्याआधी विचारलंत कधी, वर्गात काय चाललंय म्हणून?"

"अहो, आम्ही फुकट येतो!"

"फुकट? आणि माझ्या मुलांचा तास गेला, तो?"

मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडलो असतो. सरांनी झाकण आपटलं. बाईंनी कागदावर लिहिलं, 'चौदा मुलांना काहीच दिसलं नाही', आणि खाली ठसठशीत सही केली. रांगेतली पुढची मुलगी एक डोळा मिटून अजून तशीच उभी होती.

गाडीत बसताच सरांनी तो कागद चुरगळला. त्या शाळेचं नाव यादीतून गेलं.

मित्रांनो, माझी भिंगं रोज मऊ फडक्याने पुसली जातात. जळो ती निगा! उद्या मोठे होऊन कुणाच्या वर्गात शिकवायला गेलात, तर आधी तिथल्या बाईंना विचारा. आणि घड्याळाकडे पाहू नका, रांगेकडे पाहा.