माझ्या पोटातली तिरकी वायर

मी भिंत बोलतेय. भिंतीला कान असतात, हे तुम्ही कुजबुजताना एकमेकांना बजावत असता. पण कान असून तोंड नसणं म्हणजे काय, ते मला त्या सकाळी कळलं.

मी एका साध्या घरातली विटांची भिंत. अंगावर गिलावा, त्यावर रंगाचे इतके हात की पहिला रंग कोणता होता, मलाच आठवत नाही. माझ्यासमोर पलंग आणि पलंगावर या घराचे बाबा. माणूस एके काळी भारी हेकट. गवंड्याशी वाद, रंगाऱ्याशी वाद, बायकोशी तर रोजचाच. ती बिचारी गेली, पण हयातीत तिला त्यांच्या तोंडून एकदाही ‘बरं’ ऐकायला मिळालं नाही. पुढे बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि साऱ्या शब्दांतून नेमका तोच एक उरला. तहान लागली तरी बरं, राग आला तरी बरं.

दिवसभर ते माझ्याकडे बघत पडायचे. मुलगा एकदा बायकोला म्हणाला, “नुसते भिंतीकडे बघत असतात गं. मला बघवत नाही.” मला रागच आला. भिंतीकडे बघणं म्हणजे काहीच न बघणं, असं का धरून चालता तुम्ही? पण पोरगं मनाचं चांगलं. त्याने भलामोठा चपटा टीव्ही आणला आणि तो माझ्यावर टांगायचं ठरवलं.

तयारी मात्र झकास केली. स्वतः बाबांच्या शेजारी आडवा झाला, नजर कुठे जाते ते पाहिलं आणि त्या उंचीवर ब्रॅकेटच्या खुणा केल्या. वायरी लोंबलेल्या त्याला खपत नाहीत. म्हणून टीव्हीच्या मागे एक मोठं भोक, तिथून खाली खाच, खाचेत पाइप आणि पाइपमधून सगळ्या वायरी, असा बेत. “पाइप जाडच घालू,” तो म्हणाला, “उद्या अजून एखादी केबल आली तर परत फोडाफोड नको.”

“पण आत आधीच काही असलं तर?” सुनेने विचारलं.

“बोर्ड तिकडे कोपऱ्यात आहे. वायर बोर्डापासून सरळ वर जाते. इथे काही नाही.”

तिथेच घोडं पेंड खात होतं. त्या बोर्डापासून एक वायर तिरकी निघते, हे फक्त दोघांना ठाऊक होतं. एक मी, आणि दुसरे बाबा.

ती त्यांनीच घातली होती. हाच मुलगा जन्मला तेव्हाची गोष्ट. बायको दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन दवाखान्यातून येणार होती आणि पाळण्यापाशी एक छोटा दिवा हवा होता. वायरमनला बोलावतील तर ते बाबा कसले. छिन्नी-हातोडी घेऊन स्वतःच बसले. घरात होता तो वायरचा तुकडा काटकोनात वळवून पुरेना, म्हणून तिरका घातला. पाइप नाही की काही नाही, वर नुसतं सिमेंट लिंपलं. पुढे बाळ मोठं झालं, पाळणा गेला, दिवा काढून तिथे गिलावा झाला. वायर तशीच राहिली, आत वीज खेळती. काढू कधीतरी, असं ते म्हणाले होते. माणसांचं ‘कधीतरी’ माझ्या पोटात फार साठलंय.

त्या सकाळी मुलगा शेजाऱ्यांचं ड्रिल मागून घेऊन आला. पलंगाच्या उशाशी प्लग लावला, लांब वायर इकडे ओढली आणि अनवाणीच लोखंडी स्टुलावर चढला. मोठ्या भोकाची खूण त्याने तेव्हा केली. बरोब्बर त्या वायरीवर.

“बरं,” बाबा म्हणाले.

“आवडली ना जागा?” मुलगा हसला.

“बरं! बरं!”

“हो, हो. करतोच आता.”

ड्रिल घरघरलं. आधी रंग गेला, मग गिलावा. मी भीतीने गारठले होते. काय करणार? एक खडा आडवा धरला, तेवढंच माझ्या हातात होतं. “कडक आहे भिंत,” असं म्हणत त्याने अंगाचा भार टाकला.

खाली धूळ धरायला कागद घेऊन उभी असलेली सून मागे वळून बघत होती. बाबांना घास भरवणारी तीच. “अहो, थांबा. बाबांचं हे बरं वेगळं आहे.”

त्या आवाजात कोणाला ऐकू येतंय. तिने त्याचा शर्ट ओढला, तर तो ओरडला, “सोड, पाडशील मला!”

खडा फुटला. आता वायरीवर सिमेंटचा पापुद्रा तेवढा उरला होता.

आणि ड्रिल बंद पडलं.

“लाईट गेली वाटतं,” मुलगा म्हणाला. पण पंखा फिरत होता. त्याने मागे पाहिलं. बाबा पलंगाखाली जमिनीवर पडले होते. डावा हात तेवढा चालतो त्यांचा. त्या हाताच्या मुठीत उपसलेला प्लग होता.

दोघांनी त्यांना उचलून बसवलं. कपाळाला खोक पडली होती, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. डाव्या हाताच्या बोटाने ते हवेत रेघ ओढत राहिले, बोर्डापासून भोकापर्यंत आणि तिथून खाली. पुन्हा पुन्हा, तिरकी.

मुलाने घराची मेन बंद केली आणि छिन्नीने हळूच गिलावा उकरला. वायर दिसली. मग तो त्या वायरीच्या मागोमाग उकरत गेला, तर पार खाली एक लाकडी गोल ठोकळा निघाला, दिव्याचा होल्डर बसवतात तसला.

“इतक्या खाली दिवा? कोणासाठी?”

सुनेने ठोकळ्याच्या उंचीवर हात धरून पाहिला. “तुमचा पाळणा कुठे असायचा?”

मुलाने बाबांच्या मांडीवर डोकं ठेवलं. “बरं,” बाबा म्हणाले, आणि डाव्या हाताने त्याच्या केसांतली माझी धूळ झटकत राहिले.

आता जुनी वायर निघाली आहे. टीव्ही थोडा बाजूला टांगलाय, वायरी पाइपातून शिस्तीत सरळ उतरतात. ते अर्धवट भोक मात्र मुलाने बुजवू दिलं नाही. चला, इतक्या वर्षांनी मला तोंड मिळालं म्हणायचं. त्या तोंडाने एवढंच मागते: भोक पाडण्याआधी विचारा, आणि विचारलंत तर उत्तरासाठी थांबा.

मुलगा हल्ली थांबतो. “बाबा, टीव्ही लावू?” म्हणतो आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो. कधीकधी ते दुसरं, नकाराचं बरं येतं. मग तो टीव्ही बंदच ठेवतो, त्यांच्या शेजारी पलंगावर बसतो, आणि दोघंही माझ्याकडे बघत राहतात.