मागे जाणारा बाण

“मशीन बिघडली वाटते माह्या हातानं,” माणिकबाई खुर्चीतून उठत म्हणाल्या. “म्या काही नाई केलं, पोरी. त्या बाणावर दाबलं फक्त.”

हीना मागे वही घेऊन बसली होती. शेंदूरजनाघाटच्या माहिती केंद्रात ती सकाळपासून संगणक वापरणाऱ्या लोकांच्या हातांकडे पाहत होती. लोक उघडत होते ती, संत्र्यावरच्या रोगांची माहिती देणारी वेबसाइट तिनेच बनवली होती, अमरावतीच्या एका लहानशा कंपनीत. २००८ साल होतं. वऱ्हाडातल्या शेतीसाठी तेव्हा रोज काहीतरी नवं निघायचं. ते लोकांना जमतं का, हे बघायला मात्र फारसं कोणी यायचं नाही. हीना स्वतःच्या सुटीच्या दिवशी एसटीने आली होती.

तिने पडद्याकडे पाहिलं. माणिकबाईंनी ‘डिंक्या रोग’ या शब्दांवर क्लिक केलं होतं आणि त्या रोगाचं दुसऱ्या साइटवरचं पान नव्या खिडकीत उघडलं होतं. नव्या खिडकीला मागचं पान नसतं, त्यामुळे परत नेणारा बाण फिका पडला होता. आधीची खिडकी तिच्याखाली झाकून गेली होती.

“मावशी, मशीन चांगली आहे. चूक आमची आहे.”

पण माणिकबाई तोवर पायऱ्या उतरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी हीना कंपनीचे मालक गजेंद्र सरांपुढे उभी राहिली. “सर, सगळ्या लिंका त्याच खिडकीत उघडू द्या.”

“काहून? लोक आपली साइट सोडून जातीन ना.”

“जाऊ द्या. बाण चालू असला तर येतीन परत. आता त्यायले रस्ताच नाई. काल एक बाई सोताले दोष देत घरी गेली, सर.”

“कर,” सर म्हणाले.

हीनाने एकशे चाळीस लिंका एकेक करून बदलल्या.

पंधरा दिवसांनी केंद्र चालवणाऱ्या आरतीचा फोन आला. माणिकबाई पुन्हा आल्या होत्या. तज्ज्ञांना प्रश्न पाठवायच्या पानावर, पडद्यावरच्या अक्षरपाटीतलं एकेक अक्षर माउसने टिपत, त्यांनी तासभर लिहिलं. मधेच रोगाचे फोटो बघायला गेल्या. बाण दाबून परत आल्या, तर पान कोरं.

“मी म्हटलंच होतं,” गजेंद्र सर म्हणाले.

“माहं चुकलं, सर,” हीना म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. माणूस नुसता वाचत असेल तिथे एकच खिडकी बरी. पण त्याने काही लिहायला घेतलं असेल, तर त्याचं लिहिलेलं जागच्या जागी राहायला हवं, आणि दुसरी खिडकी उघडणार हे त्याला आधी कळायलाही हवं. तिने त्या एका पानावरची लिंक बदलली आणि शेजारी लिहिलं : ‘फोटो वेगळ्या खिडकीत उघडतील. ती खिडकी बंद करा. तुमचं लिहिलेलं इथंच असेल.’

तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. रविवारी ती पुन्हा एसटीत बसली आणि पत्ता विचारत माणिकबाईंच्या बागेत पोचली.

“मावशी, अमरावतीत ती साइट मीच बनवली. तुमचं लिहिलेलं माझ्यामुळं गेलं. तेच सांगायला आले.”

माणिकबाईंनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. “एवढ्यासाठी अमरावतीहून आली तू?”

“हो.”

“आजवर जो भेटला त्यानं मलेच अडाणी म्हटलं,” त्या म्हणाल्या. “थांब, पाय धुऊ दे. येतो तुह्यासंगं केंद्रावर.”

सोमवारी सकाळी प्रश्न अमरावतीत पोचलेला होता : ‘माह्या सात झाडायले बुडापाशी डिंक सुटून राहिला. पानं पिवये पडले. झाडं तोडा लागन का वाचतीन, ते खरं सांगा.’

गजेंद्र सरांनी खांद्यावरून डोकावून वाचलं. “तज्ज्ञायले पाठवाच्या आधी भाषा नीट करून घे जरा.”

हीनाने तो मजकूर आणखी एकदा सावकाश वाचला. मग एकही अक्षर न बदलता पुढे पाठवला.