शहाजिऱ्याचा केक

हिवाळ्यात न्यूमोनियानं मॅलाकीला धरलं आणि चार महिने त्याचा माउथऑर्गन डबीतच पडून राहिला. डॉक्टरनं परवा त्याला मोकळं केलं खरं, पण "फुंकायला जमेल का?" यावर त्या गृहस्थानं नुसते खांदे उडवले. तेव्हापासून त्याच्या बहिणीच्या, डिंपनाच्या, जिवाला घोर लागला होता. चाळीस वर्षं हा फुंकायचा आणि ती शेजारी बसून गिटार धरायची. याचं वाजवणं गेलं तर मागे काय उरणार?

रविवारी चर्च सुटल्यावर दोघं पबात आली. तिथे वाजवायला जमणाऱ्या मंडळींनी कोपऱ्यातली त्याची खुर्ची तशीच रिकामी ठेवली होती. डिंपनानं फडक्यातून केकची जाड फोड काढली.

"खा."

"आत्ता? वाजवायच्या आधी?"

"गालफडं बघ आरशात. दम कुठून येणार, हवेतून?"

"हवेतूनच येतो, बाई," म्हणत त्यानं केक खाल्ला. तिच्याशी वाद घालायचं त्राण कुणाला होतं?

फिडलवाली अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली, "पहिल्यांदा आम्ही कुणी वाद्याला हात लावत नाही हं, मॅलाकी. तूच वाजव."

इथे एक धून तीनदा वाजते. तिसरी फेरी संपेपर्यंत सुरू करणाऱ्यानं सोडायची नाही. पहिली फेरी झकास गेली. डिंपना गिटारवर साथ करत होती, पण तालाऐवजी त्याचे श्वासच मोजत होती. दुसऱ्या फेरीत धून वर चढली आणि सूर आलाच नाही. नुसतं फुस्स. त्यानं पुन्हा फुंकलं. पुन्हा फुस्स. चेहरा लालबुंद झाला आणि तो थांबला.

सगळ्यांनी आपापल्या ग्लासात डोळे घातले. डिंपनाला वाटलं, संपलं, देवा, संपलं! पण तिनं हात थांबवला नाही. गिटार थांबली की सगळ्यांना कळणार, त्यालाही कळणार. ती एकटीच वाजवत राहिली.

एवढ्यात मॅलाकीनं माउथऑर्गन मांडीवर आपटला. थाप, थाप. भोकात डोळा लावून पाहिलं, परत आपटला, आणि तळहातावर पडलेला काळा दाणा तिच्या नाकापुढे धरला.

"हे काय आहे?"

तिची गिटार थांबली. "शहाजिरं."

"कुणी चारलं?"

"...मी."

"चाळीस वर्षं घसा फोडून सांगतोय, वाजवायच्या आधी मला काही चारू नकोस, माउथऑर्गनच्या पत्तीत अडकतं, तर ही बया मी पोरगं असल्यागत केक कोंबते, वर दम कुठून येणार म्हणून मलाच विचारते, अक्कल काय ओव्हनमध्ये विसरलीस?"

एका श्वासात! ना खोकला, ना धाप. डिंपनाचा जीव भांड्यात पडला. ती हसायला लागली आणि हसता हसता रडायलाच लागली.

"अजून बोल ना रे," ती म्हणाली. "थांबू नकोस."

"वेडी झाली ही," मॅलाकी अ‍ॅट्रॅक्टाला म्हणाला. मग त्यानं काळ्या बियरची चूळ भरली, ती गिळूनही टाकली, आणि धून पहिल्यापासून धरली.

एक फेरी. दोन. तीन. आता थांबेल म्हणून तिनं हात सैल सोडला, तर हा पठ्ठ्या दम न घेता थेट पुढच्या धुनेत शिरला. तिची बोटं भलत्याच पट्टीवर पडली. मॅलाकीनं डोळे वटारले. तोंड गुंतलेलं, नाहीतर आणखी एक शिवी आलीच होती. डिंपनानं नाक पुसलं, पट्टी बदलली आणि त्याच्या सुरांमागे धावली.